नव्वदचा पाढा

पाढे तीसपर्यंतच असतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. चाळीसगावच्या आमच्या शाळेत तेवढेच घोकून घेत. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पिढीची गोष्ट निराळी. त्यांना पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अगदी औटकीसुद्धा येते. साडेतीनच्या पटीत जगात कोण काय मोजतं, असं विचारलं की ते माझ्याकडे दयेने बघतात. पण नव्वदचा पाढा त्यांनाही कुणी शिकवलेला नव्हता. तो मी एकट्याने, 2023च्या ऑक्टोबरात, जर्मनीत उतरल्या उतरल्या विमानतळावर पाण्याच्या बाटलीसमोर उभा राहून पाठ केला. बाटली साडेतीन युरोंची. औटकी कशासाठी असते ते तेव्हा कळलं. साडेतीन नव्वदे तीनशे पंधरा. मी बाटली जागच्या जागी ठेवली, लेबल समोर केलं आणि स्वच्छतागृहातल्या नळाला ओंजळ लावली. तिथल्या नळाचं पाणी पिण्याजोगंच असतं आणि लोक ते खुशाल पितात, हे पुढे समजलं. त्या दिवशी मात्र मी ते चोरासारखं, इकडेतिकडे बघत प्यालो.

युरोचा खरा दर तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या आसपास होता. पण अठ्ठ्याऐंशीने तोंडी गुणता येणारा माणूस परदेशी कशाला जाईल, तो गावातच बँकेत लागेल. नव्वद धरला की नऊचा पाढा म्हणायचा आणि वर शून्य ठेवायचं. दोन रुपयांचा फरक पडतो तो भीती थोडी वाढवणारा, म्हणजे सावध माणसाच्या सोयीचाच.

सावधपणा आमच्या घरात पिढीजात आहे. आप्पांनी चाळीस वर्षं मार्केट यार्डात एका अडत दुकानावर दिवाणजी म्हणून काढली. कांदा, मका, ज्वारी, कपाशी, ज्याचा भाव त्यांच्या पेनाखालून गेला नाही असं पीक तालुक्यात नसेल. विमानात तेवीस किलोची बॅग नेता येते हे कळल्यावर त्यांनी माझी बॅग स्कूटरवर घालून यार्डात नेली आणि कांद्याच्या गोण्यांच्या काट्यावर चढवली. मायने बिबडे, जाडी शेव, काळा मसाला, कळण्याचं पीठ असं सगळं कोंबलं होतं. काटा सव्वीसवर गेला. मग हमालांच्या साक्षीने, जाहीर लिलाव असावा तसा, एकेक डबा बाहेर निघाला. मसाला राहिला, बिबडे गेले. पोरगा जातोय कुठे, असं एका हमालाने विचारलं. आप्पा म्हणाले, "तठे." म्हणजे तिकडे. त्यांच्या लेखी जर्मनीचं नाव तेव्हापासून तेच आहे.

तठून मी रोज फोन करी. माय विचारी, "जेवना का?" मग आप्पा फोन घेत आणि विचारत, "कितलाले पडनं?" काय पडलं, ते ठरलेलं नसे. दिवसभरात जे काही घेतलं असेल ते. आमच्या खान्देशात हा प्रश्न उद्धट नाही. नवा शर्ट दिसला की छान आहे म्हणण्याआधी तो येतो, आणि किंमत ऐकल्यावरच शर्ट छान आहे की नाही ते ठरतं.

नोकरी स्टुटगार्टला होती. हे शहर 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, पण बहिणीकडून आलो म्हणून घर मिळत नाही. घर शोधताना पहिला धडा असा की भाडं दोन प्रकारचं असतं, थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. त्यात हीटर, पाणी, जिन्यातला दिवा आणि कचरा मिळवला की ते गरम होतं. अनामत म्हणून तीन थंड भाडी आधी मोजायची. आप्पांनी दोनदा विचारून खात्री केली. "भाडं बी थंडं-गरम ऱ्हास का? चहा शे का तो?" त्यात बऱ्याच घरांत स्वयंपाकघराची नुसती खोलीच असते. ओटा, शेगडी, कपाटं, कधी नळाखालचं बेसिनसुद्धा आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो. हे मी मायला सांगितलं नाही.

घर मिळून पत्ता सरकारदरबारी नोंदवला, तर थोड्याच दिवसांत पत्र आलं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, दर घरामागे महिन्याला 18 युरो 36 सेंट. माझ्याकडे रेडिओही नव्हता आणि टीव्हीही नव्हता. पण वर्गणी घराची, यंत्राची नाही. "टीव्ही नही ते पैसा कसाना?" आप्पा म्हणाले. मग स्वतःच आठवून सांगू लागले की आपल्याकडेही रेडिओचं लायसन असे. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे, पुस्तकावर तिकिटं चिकटवून शिक्का घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. सरकारची बाजू जरा पटतेय असं वाटेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "पन तव्हय घरमा रेडिओ व्हता."

या सगळ्याचा कळस हजामतीत झाला. स्टेशनकडच्या रस्त्यावर दुकानाच्या काचेवर दर लिहिलेला होता, पुरुषांचे केस 24 युरो. चोवीस नव्वदे एकवीसशे साठ. चाळीसगावात मी सत्तर रुपये देत होतो. म्हणजे एका बैठकीत तीस हजामती, अडीच वर्षांच्या, आणि वर एक दाढी. मी त्या काचेवरून दहा आठवडे रोज गेलो. केस कॉलरवर आले, मग कानांवर आले. शेवटी एक यंत्र विकत घेतलं आणि आरशासमोर उभा राहिलो. पुढून चांगलं झालं. मागून काय झालं ते मला दिसत नव्हतं, म्हणून मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका बाईंनी बाजूला घेऊन अतिशय हळुवारपणे विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

त्या रात्री आप्पांना सगळं सांगितलं, चोवीस युरो, एकवीसशे साठ, तीस हजामती. ते जरा वेळ गप्प बसले. मला वाटलं, हादरले. तर त्यांनी विचारलं, "तुना पगारमाईन कितलं गयं?"

हातात महिन्याला 2,900 येत होते. त्यातले चोवीस. आप्पांनी फोनवरच केलं, "हजारी आठ." मग स्वतःचं काढलं. नोकरीच्या शेवटी त्यांना नऊ हजार मिळत आणि न्हावी पन्नास घेई. "मन्हं हजारी साडेपाच पडे." थोडं महाग, पण लूट म्हणावी असं नाही, असा निवाडा दिला आणि वर म्हणाले, "तो न्हावी बी ते भाडं भरत व्हई ना. थंडं बी आन् गरम बी."

मी गणितात कच्चा नव्हतो, आणि नेमकी तीच लाज वाटली. हे त्रैराशिक होतं. आमच्या पुस्तकात त्याला एकमान पद्धत म्हणत, आप्पा अजूनही त्रैराशिकच म्हणतात. आणि चाळीसगावच्या माणसाने त्रैराशिक चुकवणं म्हणजे नाशिकच्या माणसाने द्राक्ष न ओळखणं. गावापासून 18 किलोमीटरवर पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, आणि शके 1128चा तसा शिलालेखच तिथं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. तेवढ्या बळावर आम्ही चाळीसगावकर भास्कराचार्य आमचेच म्हणून सांगतो. त्यांचा जन्म नक्की कुठला यावर इतरांचेही दावे आहेत, पण ते इतरांनी बघावं. शाळेची सहल दरवर्षी तिथं जाई. सर धबधब्याच्या वाटेवर लीलावती समजावून सांगत आणि आमचं लक्ष माकडं आणि डबे यांच्याकडे असे.

लीलावतीत त्रैराशिकाच्या तीन राशींना नावं आहेत, प्रमाण, फळ आणि इच्छा. इच्छा म्हणजे आपल्याला जेवढं हवंय ते. मधल्या फळाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. अट एकच, प्रमाण आणि इच्छा एका जातीची पाहिजेत. मी काय करत होतो, तर इच्छा स्टुटगार्टची घेत होतो, प्रमाण चाळीसगावचं, आणि नुसता गुणाकार करून मोकळा होत होतो. भागाकार राहूनच जाई. त्या गुणाकारात इच्छा एवढी फुगते की बाटली फळीवर परत जाते आणि केस कॉलरवर येतात. आप्पांनी कुठलंही पुस्तक न उघडता प्रमाण बदललं, एवढंच.

ग्रंथात व्यस्त त्रैराशिकही आहे, एक वाढलं की दुसरं कमी होतं ते. त्याचा अनुभव मात्र मला तिकडच्या पहिल्या सहा महिन्यांत कुणीही न शिकवता आला होता.

कंजूषपणाबद्दल भास्कराचार्यांना फार बारीक माहिती होती. लीलावतीची सुरुवातच नाण्यांपासून होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. पुढे अपूर्णांकात एक कद्रू माणूस भेटतो. तो याचकाला अर्ध्या द्रम्माच्या दोन-तृतीयांशाच्या तीन-चतुर्थांशाच्या एक-पंचमांशाच्या एक-षोडशांशाचा चौथा हिस्सा देतो, तर किती कवड्या दिल्या ते सांग. सगळी काटछाट केल्यावर उत्तर येतं, एक कवडी. हे गणित मला एका रेस्टॉरंटात आठवलं. तिथं जेवणानंतर वाढणारी मुलगी पैशांचं पाकीट घेऊन समोर उभी राहते, आणि बिलावर वर किती ठेवायचे ते आपण आपल्या तोंडाने सांगायचं असतं. आपल्याकडे बडीशेपेच्या वाटीत नोट सरकवून पळून जाण्याची सोय आहे, तशी तिथं नाही. बिल 18 युरो 60 सेंट. माझ्या डोक्यात अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाचे तीन-चतुर्थांश सुरू झाले. मी म्हणालो, "एकोणीस." तिने आभार मानले. बरोबरच्या सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते जास्त लागलं.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, केसांचा पांढरा गोळा. त्यांची ओळख केराने झाली. त्या भागात, म्हणजे श्वाबेन प्रांतात, जिना आणि दारासमोरचा रस्ता झाडण्याची आठवड्याची पाळी असते. पाळी आली की आपल्या दारावर पाटी टांगलेली दिसते, आणि आठवडा संपला की ती शेजाऱ्याच्या दारावर जाते. या प्रकाराला 'केरवोखं' म्हणतात. केर हा शब्द पाटीवर वाचून मला क्षणभर गहिवरून आलं. तिकडे केअरन म्हणजे झाडणं. नातं काही नाही, योगायोग आहे, पण परदेशात पहिल्या हिवाळ्यात माणूस योगायोगालाही नातेवाईक मानतो. पाळी हा प्रकार तर ओळखीचाच. आमच्याकडे पाटाच्या पाण्याची असते, इथं केराची. फरक एवढाच की पाटाच्या पाळीला माणूस रात्री दोनला उठून जातो, आणि केराच्या पाळीला मी विसरलो.

आजी वर आल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी मला जिन्याच्या पायरीचा कोपरा बोटाने दाखवला, नुसता कोपरा, आणि झाडू कसा धरायचा ते दाखवलं. मी झाडत असताना त्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. मायसुद्धा अशीच उभी राहायची.

दुसऱ्यांदा त्या आल्या त्या भरतामुळे. हिवाळ्यात खान्देशी माणसाला भरताची आठवण येते, त्यावर इलाज नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत शेताशेतांतून काड्यांचे जाळ पेटतात आणि हिरवट-पांढरी, भलीमोठी वांगी त्यात भाजतात. तिकडचं वांगं काळंजांभळं, गुळगुळीत, बुटासारखं चमकणारं, आणि नगावर मिळतं. एक नग दीड युरो. काड्या नव्हत्या. शेगडी काचेची होती, विजेची, त्यावर जाळी ठेवली आणि जाळीवर वांगं. वांगं मऊ व्हायच्या आत छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. तो तिथं कायद्याने प्रत्येक घरात असतो, आणि तो थांबवायचा कसा हे कायद्यात नसतं. मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होतो तेव्हा आजी दारात आल्या. त्यांनी आधी खिडकी उघडली. मग मला खुर्चीवरून उतरवलं. मग शेगडीवरचा तो काळा पदार्थ जवळून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला की हे केवढ्याला घेतलंस.

मी अवाक् झालो. कितलाले पडनं!

दीड युरो ऐकून त्यांनी मान हलवली. शनिवारच्या बाजारात, उठायच्या वेळेला गेलास तर एकाच्या भावात दोन मिळतील, म्हणाल्या. मग त्या सुटल्या. कालचा पाव बेकरीत निम्म्या भावात मिळतो, आणि कालचाच पाव चांगला, ताज्याला चव यायची असते. रविवारी दुकानं बंद असतात हे शनिवारी लक्षात ठेवायचं, नाहीतर स्टेशनवरच्या दुकानात दूध दीडपटीने घ्यावं लागतं. पावती फेकायची नाही, वाचायची. त्यांनी माझ्या टेबलावरची पावती घेऊन मला वाचून दाखवली. खाण्याच्या बहुतेक वस्तूंवर कर 7 टक्के, बाकीवर 19. गाईच्या दुधावर 7 पण ओटच्या दुधावर 19. हॉटेलातलं जेवण तेव्हा बांधून नेलं तर 7 आणि तिथं बसून खाल्लं तर 19. बसायचे बारा टक्के! इथे मात्र मला अगदी घरच्यासारखं वाटलं. कारण पाटणादेवीच्या त्या शिलालेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नाही, जुन्या मराठीत आहे, आणि त्यात नेमकं हेच आहे. बाजारात गिऱ्हाइकाकडून काय घ्यायचं, दर तेलघाण्यामागे पळीभर तेल मठाला कसं द्यायचं. ग्रहगोलांचं गणित शिकवणारी शाळा तेलाच्या पळीवर चालायची. एवढं सगळं आजींना सांगण्याइतकं माझं जर्मन नव्हतं. मी नुसतं भरीत वाढलं. त्यांनी चमचाभर खाल्लं, पाणी मागितलं, आणि भोंगा पुन्हा वाजला नाही याबद्दल समाधान व्यक्त केलं.

श्वाबेनचे लोक चिक्कू म्हणून साऱ्या जर्मनीत थट्टेचा विषय आहेत. आजींना ती थट्टा आहे हे ठाऊक आहे, पण त्या ती प्रशस्तिपत्रकासारखी सांगतात.

बाटल्यांचा व्यवहारही त्यांनीच शिकवला. प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली की ते ती आत ओढून घेतं, कुरकुर चावतं आणि चिठ्ठी देतं. आप्पांना हे फार आवडलं. रिकाम्या बाटलीचे साडेबावीस रुपये! त्यांच्या लहानपणी सोड्याची बाटली दुकानासमोर उभं राहूनच प्यायला लागायची, त्यामुळे तत्त्व त्यांना मान्य होतं. बाटल्या गोळा करणारी गरीब माणसंही तिकडे असतात, आणि त्यांना कचऱ्यात हात घालायला लागू नये म्हणून लोक रिकाम्या बाटल्या पेटीच्या बाजूला उभ्या करून ठेवतात, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "हाई चांगलं शे." त्या दिवशी त्यांनी गुणाकार केला नाही.

2024च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेंबर्गशी, म्हणजे माझ्याच राज्याशी, करार केला. दहा हजार कुशल माणसं पाठवायची, त्यांना आधी जर्मन शिकवायचं. आप्पांनी कात्रणाचा फोटो पाठवला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर. मला डोळ्यांसमोर दहा हजार माणसं पाण्याच्या बाटलीसमोर ओठ हलवत उभी दिसली.

शिकायला येणाऱ्या पोरांची स्थिती मात्र हसण्यासारखी नसते. त्यांना वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात दाखवावा लागतो. 2024च्या सप्टेंबरपासून ती रक्कम 11,904 युरो आहे, आणि त्यातून महिन्याला 992 सुटतात. नव्वदने दहा लाख एकाहत्तर हजार. पाचोऱ्याकडचा एक मुलगा मला ट्राममध्ये भेटला, माझ्या फोनवरचं 'हाऊ ना, माय' ऐकून ओळख काढत आला. त्याच्या बापाने त्यासाठी काय गहाण टाकलंय ते त्याने सांगितलं. तो पोरगा गुणाकार करत नव्हता, त्याला सगळे आकडे एकरांत दिसत होते. मी त्याला कालच्या पावाची बेकरी दाखवली. आणखी काय दाखवणार?

2025च्या डिसेंबरात सुट्टी घेऊन घरी आलो. तोवर युरो शंभरी ओलांडून बसला होता. म्हणजे पाढा एकदम सोपा झाला, नुसती दोन शून्यं, पोरालाही जमेल असा. आणि नेमका तेव्हाच माझा सुटला होता. कधी सुटला ते सांगता येणार नाही. कधीतरी पाण्याची बाटली घेतली असेन आणि पिऊन झाल्यावर लक्षात आलं असेल.

पहाटेच्या गाडीने उतरलो. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे. हा छायाचित्रकार विलायतेत शिकून 1930च्या दशकाच्या अखेरीला चाळीसगावात परतला आणि त्यानंतर 1989 साली मरेपर्यंत, अगदी क्वचित अपवाद सोडले तर, घराच्या बाहेरच पडला नाही. टेबलावर घरातल्याच किरकोळ वस्तू मांडून तो खऱ्या वाटतील अशा दुनिया उभ्या करी आणि त्यांचे फोटो काढी. एका प्रेयसीने पंजाब मेलने येईन म्हटलं होतं आणि तो जन्मभर त्या गाडीची वाट बघत राहिला, असं गावात सांगतात. सांगोत. मला आपली वेगळी शंका येते. त्या काळी रुपया दीड शिलिंगाला बांधलेला होता, म्हणजे एका पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै. तेरा रुपये पाच आणे चार पैचा पाढा म्हणत ज्याने विलायतेत दिवस काढले असतील, तो परत आल्यावर दाराबाहेर पडणार नाही तर काय करील?

घरी पोचलो. टेबलावर आप्पांची लांबोडकी लाल चोपडी होती. उघडली. कपाशी, मका, कांद्याचे भाव त्यांनी सवयीने लिहिले होते, आणि त्यांच्याखाली रोज एक ओळ, 'तठे', आणि पुढे युरोचा त्या दिवशीचा दर. दोन वर्षांची. मधे कुठेतरी माझा रेल्वेचा पास 49चा 58 झाल्याची नोंद होती. 'वाढनं' असं बाजूला लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी चोपडी मिटून होती तशी ठेवली.

दुपारी आप्पा म्हणाले, चल, केस वाढलेत. गेलो. तोच न्हावी, तीच खुर्ची, आरशाच्या कोपऱ्यात नवी देवी चिकटवलेली. त्याने वेळ घेऊन कापले, मानेवर मालिश केलं, डोक्यावर दोन चापट्या मारल्या. किती झाले विचारलं तर म्हणाला ऐंशी, आणि दहा वाढवल्याबद्दल जरा ओशाळून आप्पांकडे बघितलं. मी शंभराची नोट दिली आणि तिकडच्या सवयीने म्हणालो, "राहू द्या." त्याला ते कळलंच नाही. विसाची नोट हातात धरून तो उभाच राहिला. "दादा, सुट्टे घ्या ना," म्हणाला. मी पुन्हा राहू द्या म्हणणार, तेवढ्यात आप्पांनी पुढे होऊन ती नोट घेतली, चौघडी केली आणि आपल्या खिशात ठेवली.

कोपऱ्यावर केळ्यांची गाडी होती. तिकडे मी दोन वर्षं केळी किलोवर घेतली. इक्वेडोरहून आलेली, एका मापाची, एका रंगाची, त्यांच्यावर चिकटपट्टी. आप्पांनी ती विसाची नोट काढून दिली आणि अर्धा डझन मागितली. केळीवाल्याने फणीवर हात फिरवला, मोडली, आणि सात दिली.